मिनिटात फोन चार्ज? पेरोव्स्काइट आणि ग्राफिनच्या जोडीचं खरं काय

‘मिनिटभरात फोन चार्ज होणार’ असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि घरातली मुलं विचारतात, खरं आहे का? आम्ही म्हणू, निम्मं खरं.

बॅटरी म्हणजे गोदाम. माल आत रचायला वेळ लागतो, पण मावतं भरपूर. सुपरकपॅसिटर म्हणजे दुकानाचा काउंटर. वीज इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरच थांबते, म्हणून तो काही सेकंदांत भरतो आणि लाखो वेळा भरला तरी फारसा झिजत नाही. अडचण जागेची. किलोमागे साधारण 5 ते 10 वॉट-तास वीज मावते. लिथियम-आयन बॅटरीत 150 ते 250.

म्हणून हायब्रिड. यात एक इलेक्ट्रोड कार्बनचा आणि दुसरा रासायनिक क्रियेने वीज धरणारा. या दुसऱ्यासाठी पेरोव्स्काइट वापरून पाहतात. हे मुळात 1839 मध्ये उरल पर्वतात सापडलेल्या खनिजाचं नाव. आता तशा रचनेच्या सगळ्याच पदार्थांना ते लावतात. (सोलर पॅनलच्या बातम्यांत येतं ते शिसं असलेलं पेरोव्स्काइट वेगळं.) इथे लँथॅनम आणि मँगनीजच्या ऑक्साइडसारखे पदार्थ असतात. 2014 मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी दाखवलं की याच्या जाळीत ऑक्सिजनचे आयन ये-जा करतात आणि त्यातून वीज साठते.

पण असे बरेच ऑक्साइड वीज वाहून न्यायला आळशी. तिथे ग्राफिन कामी येतं. कार्बनचा हा एका अणूइतका जाड पापुद्रा 2004 मध्ये मँचेस्टरला चक्क चिकटपट्टीने सोलून काढला गेला. एका ग्रॅमला हिशोबाने 2630 चौरस मीटर पृष्ठभाग! मात्र हे पापुद्रे एकमेकांना चिकटून बसतात आणि पृष्ठभाग वाया जातो. दोन्ही मिसळले की ऑक्साइडचे कण पापुद्रे वेगळे ठेवतात आणि पापुद्रे कणांपर्यंत वीज पोचवतात.

प्रयोगशाळेतले मोठमोठे आकडे बहुतेक वेळा काही मिलिग्रॅम पदार्थावर मोजलेले असतात. डबा, द्रव, धातूची पट्टी यांचं वजन त्यात धरलेलं नसतं.

आता फोनचा हिशोब करू. 5000 एमएएचच्या बॅटरीत सुमारे 19 वॉट-तास वीज असते. ती मिनिटात भरायची तर 1100 वॉटहून जास्त लागतील, म्हणजे इस्त्रीइतका भार. आणि तेवढी वीज आजच्या साध्या सुपरकपॅसिटरमध्ये ठेवायची तर फोन दोन किलोचा होईल. शांघायमध्ये 2006 पासून सुपरकपॅसिटरवर बस धावल्या, त्या थांब्या-थांब्यावर चार्ज होत. तिथे हे जमतं, कारण पुढचा थांबा जवळच असतो. ई-रिक्षावाल्या भावांनी कुठलीही ‘झटपट’ बॅटरी घेताना आधी वॉट-तास किती ते विचारावं, मिनिटं नंतर.