शिळ्या उसाची साखर का बसत नाही?



"ऊस तुम्ही वजनावर घेता, मग दोन दिवस फडात पडला तर तुमचं काय बिघडलं?" असे आम्हाला गटात फिरताना नेहमी ऐकावे लागते. वजन घटते ते तुम्हाला काट्यावर दिसते. मोठे नुकसान मात्र रसाच्या कणांत होते, ते दिसत नाही.

प्रत्येक पदार्थ अतिसूक्ष्म कणांचा असतो. हे कण सारखे हलतात आणि एकमेकांना ओढूनही धरतात. ओढ वरचढ असली की कण जागच्या जागी बसतात, तो घन. हालचाल वाढली की एकमेकांवरून घसरतात, तो द्रव. ओढ तोडून सुटले की वायू. पोरांच्या पुस्तकातला हा धडा कारखान्यात टनावारी घडतो.

रसात शंभराला ऐंशी भाग तरी पाणीच. उष्णतेने पाण्याचे कण वेग घेतात, वाफ होऊन निघून जातात. साखरेचा कण मोठा, त्याची ओढही जबर, म्हणून तो मागे राहतो. गुऱ्हाळाची काहील उघडी, तिथे पाक शंभर अंशांच्या वर तापतो. आपल्या पॅनमध्ये हवा काढून दाब कमी करतात, म्हणून पाणी साठ-सत्तर अंशांतच सुटते आणि साखर करपत नाही.

पाणी हटले की साखरेचे कण दाटतात. मग साखरेची बारीक पूड बी म्हणून सोडतात. एका मापाचे कण त्या बियावर घडीव दगडासारखे थरावर थर बसतात आणि दाणा मोठा होतो.

तोडलेल्या उसात मात्र साखरेचा कण फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. चवीला गोडच, पण दाण्याच्या रचनेत ते बसत नाहीत, मळीत जातात. शिवाय जिवाणू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्याने पाक घट्ट होतो, कणांची हालचाल मंदावते, दाणा नीट धरत नाही. आणि गव्हाणीत एकाचा रस वेगळा निघत नाही! चार जणांच्या शिळ्या उसाने उतारा पडतो, अन् भाव उताऱ्यावर ठरतो.

तेव्हा तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीवर आणा. वाढे नीट छाटा, त्यात साखर कमी आणि ग्लुकोज जास्त. जळीत ऊस तर लवकर बिघडतो, त्याची खबर गट ऑफिसला त्याच दिवशी द्या. वाहन अडलेच तर मोळ्या उन्हात ठेवू नका, पाचटाने झाकून वर पाणी मारा.