वेशीवरचा पहारा

जुन्या जालन्याची मूर्ती वेस आजही उभी आहे. वेशीला भिंत असे, दारे असत. परंतु गाव सुरक्षित राही ते कोणाला आत घ्यावयाचे आणि रात्री कोणासाठी दार उघडावयाचे, याच्या ठरलेल्या रिवाजामुळे. अंबड, परतूर, भोकरदन येथील कचेऱ्या, शाळा व पतसंस्था आता इंटरनेटच्या जाळ्यात आल्या आहेत. या जाळ्याच्या वेशीवर ‘फायरवॉल’ बसविली की कर्तव्य संपले, असा समज मात्र रूढ होऊ पाहत आहे.

कोणती संकेतस्थळे उघडू द्यावयाची आणि कोणती अडवावयाची, याच्या तयार याद्या यंत्राबरोबरच येतात. जुगार आणि फसवणुकीची स्थळे बंद करण्यास कोणाचीच हरकत नसावी. पण ‘चित्रफिती’ हा सारा वर्गच एका कळीसरशी बंद झाला, तर विज्ञानाच्या शिक्षकाने प्रयोग कसा दाखवावा? तो संगणक स्वतःच्या मोबाईलला जोडतो. मग पहारा वेशीवर राहतो आणि वाहतूक खिंडारातून सुरू होते!

आंधळ्या बंदीने केवळ गैरसोय होते असेही नाही. 12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने जगभरातील संगणकांना वेठीस धरले. महाराष्ट्र पोलिसांच्या काही संगणकांनाही तिची झळ पोहोचली. ही प्रणाली फायली कुलूपबंद करण्यापूर्वी एका निरर्थक नावाच्या संकेतस्थळाशी संपर्क साधून पाही. उत्तर आले, तर ती आपोआप थांबे. एका तरुण ब्रिटिश संशोधकाने ते नाव नोंदविले आणि असंख्य संगणक बचावले. परंतु ज्या संस्थांनी ते नाव ‘घातक’ म्हणून अडविले, तेथे उत्तर पोहोचेना आणि विध्वंस चालूच राहण्याचा धोका उरला. म्हणून ते नाव अडवू नका, असे तज्ज्ञांना मुद्दाम सांगावे लागले. मूळ दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, ही गोष्ट वेगळी. ती बसविणे हे गाळणीचे काम नव्हे.

तेव्हा धोरण कार्यालयाने स्वतः लिहावयास हवे. लेखा विभागाच्या संगणकाला कोषागार, बँक आणि मोजकी शासकीय स्थळे पुरेशी आहेत. ग्रंथालयाला तोच नियम लावणे हास्यास्पद होय. बाहेर जाणारी वाहतूकही तपासली पाहिजे, कारण चोरलेली माहिती त्याच वाटेने जाते. ‘सर्ट-इन’च्या 2022 च्या निर्देशांनुसार संगणकीय नोंदी 180 दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. त्या कोण पाहणार, हे कर्मचाऱ्यांना आधीच सांगावे. सांकेतिक वाहतूक उलगडून तपासणारी यंत्रणा असेल, तर लिपिकाचा बँकव्यवहार तिच्यातून वगळावा. आणि चुकून अडविलेले स्थळ उघडून घेण्यासाठी अर्ज कोणाकडे करावयाचा व तो किती दिवसांत निकालात निघेल, ही ओळ त्या धोरणात सर्वांत वर असावी.