धोंडो : एका विरळ झालेल्या नावाचा इतिहास

जुन्या मराठी वंशावळी आणि पेशवाईतील कागदपत्रे चाळली असता ‘धोंडो’ हे पुरुषनाम, तसेच धोंडू, धोंडी, धोंडिबा, धोंडिराम, धोंडोपंत ही त्याची रूपे वारंवार भेटतात. आजच्या बालवाडीच्या हजेरीपटावर मात्र हे नाव क्वचितच आढळते. काळाबरोबर नावांची आवड बदलते हे खरे असले, तरी या नावाच्या ओहोटीचे कारण तेवढ्यावर संपत नाही. ‘धोंडो’ हे नाव मुळात एका भयातून जन्माला आले, आणि ते भय ओसरले तसे नावाचे प्रयोजनही ओसरले. त्यामुळे या नावाचा इतिहास हा मराठी कुटुंबांनी सोसलेल्या बालमृत्यूंचा आणि त्यांतून झालेल्या त्यांच्या सुटकेचाही इतिहास ठरतो.

नावाची घडण

धोंडा म्हणजे टाकीचा घाव न लागलेला, ओबडधोबड असा मोठा दगड. त्यावरून झालेले ‘धोंडो’ हे ओकारान्त रूप जुन्या मराठी वळणाचे आहे. मोरेश्वराचा मोरो, नारायणाचा नारो, विश्वनाथाचा विसो आणि दत्तात्रेयाचा दत्तो व्हावा, त्याच वळणाने हे नावही रूढ झाले. पुढे लागणाऱ्या प्रत्ययावरून माणसाची जात, व्यवसाय आणि मान यांचा अंदाज येत असे : कारकुनी किंवा सरदारकी करणाऱ्या ब्राह्मण घरातला धोंडोपंत, शेतकरी किंवा धनगर वस्तीवरचा धोंडिबा, आणि हाक मारताना सर्वांचाच धोंड्या. स्त्रियांमध्येही हे नाव होते. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी (1927–2014) हे त्याचे ठळक उदाहरण होय.

मराठी बोलीत धोंडा फारसा प्रिय नाही. स्वतःच्या हाताने नुकसान ओढवून घेणारा माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो आणि नकोशी जबाबदारी गळ्यातली धोंड होते. तरीही याच धोंड्याला शेंदूर फासला की गावकरी त्याच्यापुढे नारळ फोडतात. ज्या दैवताला हात-पाय, नाक-डोळे असे कोरीव अवयव नसतात, त्याला ‘तांदळा’ म्हणतात आणि महाराष्ट्रातील कितीतरी देवस्थाने अशा तांदळ्यांचीच आहेत. म्हणजे धोंडा एकाच वेळी कवडीमोल, टिकाऊ आणि पूजनीय असतो, आणि मुलाचे नाव निवडताना या तिन्ही छटा आईबापांच्या उपयोगी पडत असत.

दृष्ट चुकवणारी नावे

ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात पुढचे मूल झाले की ते कोणाच्या डोळ्यांत भरू नये याची काळजी घेतली जाई. पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, अशी श्रद्धा होती; मृत्यू, दृष्ट आणि रोगदेवता चांगल्या वस्तूवर टपलेल्या असतात, हीही तितकीच दृढ समजूत होती. मग मुलाचे नावच असे ठेवायचे की ते ऐकून मृत्यूला वाटावे, इथे नेण्याजोगे काही नाही, दगड आहे. अशा नावांना दृष्टरक्षक नावे म्हणता येईल.

मराठीत या नावांचे एक मोठे कुळ आहे. दगडू हा धोंडूचा सख्खा भाऊ. केरावरून केरू आणि केरबा, कचऱ्यावरून कचरू, उकिरड्यावरून उकिर्डा अशी नावे पडली. काही ठिकाणी नवजात बाळाला सुपात घालून क्षणभर उकिरड्यावर ठेवीत, दुसरी एखादी बाई ते ‘सापडले’ म्हणून उचली आणि आई मूठभर धान्य किंवा कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घेई. अशा विधीने मूल आपले नव्हतेच, ते परक्याचे होते, असे मृत्यूला भासवले जाई. भीक मागून मिळाले अशा भावनेने भिकू, भिकाजी ही नावे येत, तर मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालून त्याला मुलगी म्हणून वाढवले, तर तो नथू होई. ही रीत केवळ महाराष्ट्राची नव्हती. बंगालमध्ये तीन कवड्यांना घेतलेला तो तिनकडी आणि पाच कवड्यांना घेतलेला तो पाचकडी, गुजरातेत कचराभाई, तमिळ प्रदेशात केरकचरा या अर्थाच्या शब्दावरून कुप्पुस्वामी आणि भिक्षा या अर्थाच्या शब्दावरून पिच्चै.

ही श्रद्धा आज भाबडी वाटली, तरी तिच्या मुळाशी असलेली परिस्थिती भयंकर होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातही भारतात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. त्यानंतरही देवी, गोवर, हगवण, हिवताप आणि पुढे प्लेग यांतून वाचावे लागे. पाच-सहा बाळंतपणांनंतर एकच मूल हाती राहिलेल्या आईने त्याला धोंडू म्हणावे, यात मायेची कमतरता नव्हती. जिवापलीकडे जपलेल्या मुलालाच असे नाव मिळत असे.

नाव धारण करणारे

हे नाव एका जातीपुरते किंवा एका थरापुरते नव्हते, याचा पुरावा इ.स. 1800 मधील एका मोहिमेत मिळतो. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर म्हैसूर आणि दक्षिण मराठा मुलुखात धुमाकूळ घालणारा धोंडिया वाघ याच्याविरुद्ध पेशव्यांच्या बाजूने जे सरदार लढले, त्यांत बापू गोखले यांचे चुलते धोंडोपंत गोखले होते. एका धोंडोने दुसऱ्याला गाठले. धोंडोपंत या लढाईत मारले गेले, आणि त्याच वर्षी 10 सप्टेंबर रोजी आर्थर वेलस्ली याच्या फौजेने धोंडिया वाघालाही ठार केले. अठराशे सत्तावनच्या उठावातील नानासाहेब पेशवे यांचेही नाव धोंडोपंत होते.

या नावाला सर्वाधिक प्रतिष्ठा मिळाली ती मात्र महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे. 18 एप्रिल 1858 रोजी कोकणात जन्मलेल्या कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला, 1896 मध्ये विधवांसाठी आश्रमाचे काम सुरू केले, 1916 मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले आणि 1958 मध्ये, वयाच्या शंभरीत, भारतरत्न स्वीकारले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ते 104 वर्षांचे होते; त्यांच्या जन्मकाळी या देशातील सरासरी आयुर्मान तिशीच्याही आत होते, हे ध्यानात घेतले तर दीर्घायुष्याच्या इच्छेने ठेवल्या जाणाऱ्या नावांत इतके सार्थ नाव दुसरे सापडणे कठीण आहे.

जात, लिंग आणि नाव

या नावांच्या इतिहासाला एक कडू बाजूही आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक असावे, असे सांगितले आहे. वरच्या जातींत दगडधोंड्याचे नाव संकटकाळचा उपाय म्हणून स्वेच्छेने ठेवले जाई आणि पुढे ‘पंत’ जोडून त्याचा मानही राखला जाई. दलित वस्तीत मात्र तशीच नावे सर्रास चालत, आणि चांगले नाव ठेवण्याचा हक्कही गावाच्या मर्जीवर असे. ‘बलुतं’ (1978) या आत्मकथनाचे लेखक दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार होते, आणि त्या पुस्तकात ‘दगडू’ हा लेखकाचा मागे राहिलेला भूतकाळ म्हणून बोलतो. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद ही नावे घरोघर आली, त्यामागे आत्मसन्मानाची जाणीव होती.

मुलींच्या बाबतीत तर अर्थच उलटला. मुलाला धोंडू म्हणत ते तो जगावा म्हणून, तर मुलीला ‘नकुशी’ म्हणत ते पुढची मुलगी होऊ नये म्हणून. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, ही त्या अन्यायाची सार्वजनिक कबुलीच होती.

ओहोटी आणि अवशेष

‘धोंडो’ हे नाव मागे पडण्याची सुरुवात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाली. भारतातील देवीची पहिली लस 1802 मध्ये मुंबईत टोचली गेली होती, परंतु लसीकरण, स्वच्छ पाणी, प्रसूतिगृहे आणि प्रतिजैविके यांचा एकत्रित परिणाम दिसायला दीड शतक लागले. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रातील अर्भकमृत्यूदर हजारी 16 पर्यंत उतरला आहे. मूल जगेल असा विश्वास वाटू लागला, तेव्हा आईबापांनी नावात सौंदर्य शोधायला सुरुवात केली. शाळेत होणारी ‘धोंड्या’ अशी चेष्टा आणि कथा-कादंबऱ्यांतील कोमल नावांचे आकर्षण यांनी त्या बदलाला वेग दिला.

तरीही हे नाव पुरते पुसले गेलेले नाही. मराठीत स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लिहिण्याची रीत असल्याने ते आद्याक्षरांत टिकून राहिले. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून संततिनियमनाचा प्रसार करणारे र. धों. कर्वे, ‘गोट्या’चे लेखक ना. धों. ताम्हनकर आणि रानाचे कवी ना. धों. महानोर (1942–2023) या तिघांच्या नावांतील ‘धों.’ म्हणजे त्यांच्या वडिलांचे धोंडो हे नाव होय.

नव्या बाळाचे नाव धोंडो ठेवावे, असे आज कोणी सुचवणार नाही, आणि तशी गरज उरली नाही ही समाधानाचीच गोष्ट आहे. परंतु घरच्या वंशावळीत एखादा धोंडो, दगडू, केरबा किंवा भिकाजी असेल, तर त्याच्या आधी किती भावंडे गेली आणि ते नाव कोणी सुचवले, हे घरातील वडीलधाऱ्यांना अजून सांगता येते. या दिवाळीत सारे कुटुंब एकत्र जमेल तेव्हा वाचकांनी ही माहिती त्यांच्याकडून विचारून लिहून ठेवावी. कारण दगावलेल्या त्या मुलांची अन्य नोंद बहुतेक घरांत कोठेही नाही.