जव्हारचा पाऊस आणि विश्वाचा संगणक

पुण्याला पाषाणमध्ये भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ‘अर्का’ नावाचा महासंगणक आहे. त्याच्या पोटात एक जव्हार आहे आणि एक मोखाडाही. मे २०२५मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ पृथ्वीभोवतीच्या हवेवर एक जाळं टाकते. त्याची वीण साधारण सहा किलोमीटरची. आधीच्या मॉडेलात ती बारा किलोमीटरची होती. जाळ्याच्या एका घराला एक तापमान, एक वारा, एक पाऊस. पालघर जिल्ह्यातलं जव्हारचं पठार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, लगेच खाली दऱ्या, पुढे मोखाडा, सूर्यमाळचे डोंगर. ढग ज्या कड्याला अडतो तो कडा या विणीतून निसटतो. मग समीकरणांना अनुभवाची ठिगळं लावायची. तरीही अंदाज उपयोगी पडतो, हे विशेष.

आता प्रश्न उलटा करू. आपणच कुणाच्या तरी मॉडेलातले असलो तर?

तेव्हा ऑक्सफर्डमध्ये असलेले तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रम यांनी २००३मध्ये हा प्रश्न तर्काच्या चौकटीत बसवला. त्यांच्या मते तीनपैकी एक तरी गोष्ट खरी असणार. एक, असं विश्व संगणकात चालवण्याइतक्या प्रगत अवस्थेला पोचण्याआधीच बहुतेक संस्कृती संपतात. दोन, पोचलेल्यांना आपल्या पूर्वजांची सिम्युलेशनं चालवण्यात रस नसतो. तीन, आपण जवळपास नक्कीच सिम्युलेशनमध्ये आहोत. गाजलं ते तिसरंच. बॉस्ट्रम यांनी स्वतः त्यावर कौल दिला नव्हता. इलॉन मस्कनी २०१६मध्ये दिला, आणि चर्चा विद्यापीठातून चहाच्या टपरीपर्यंत आली.

हे तपासता येईल का? सायलस बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅव्हेज या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१२मध्ये एक युक्ती सुचवली. विश्व जर ठरावीक विणीच्या जाळ्यावर चालत असेल, तर सर्वाधिक ऊर्जेच्या वैश्विक किरणांना सगळ्या दिशा सारख्या राहणार नाहीत. तशी खूण आजवर सापडलेली नाही. २०१७मध्ये झोहार रिंगेल आणि दिमित्री कोव्रिझिन यांचा निबंध आला आणि ‘विश्व सिम्युलेशन नाही, हे सिद्ध झालं’ असे मथळे झळकले. निबंधात तसं काही नव्हतं. एका विशिष्ट पद्धतीने काही क्वांटम प्रणालींची गणितं साध्या संगणकावर आवाक्यात राहत नाहीत, एवढाच त्याचा दावा. शिवाय बाहेरच्या संगणकाला आपलेच नियम लागू असतील कशावरून? या पळवाटेमुळे सिम्युलेशनचा सिद्धांत खोटा ठरवता येत नाही, आणि माझ्या लेखी तीच त्याची मोठी उणीव आहे.

तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८०मध्ये एक रोखठोक मुद्दा मांडला होता: संगणकातल्या वादळाने कुणी भिजत नाही. पाषाणच्या जव्हारात कितीही पाऊस पडो, तिथली भातरोपं कोरडीच. दुसरे तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांचं त्यावर म्हणणं असं, की आतले भिजतात आणि त्यांच्यापुरता तो पाऊस खराच. हे मान्य करायचं तर गणिताच्या पायऱ्यांतून जाणीव उपजते, हे आधी गृहीत धरावं लागतं. बॉस्ट्रम ते उघडपणे गृहीत धरतात. सगळा डोलारा त्या एका खांबावर उभा आहे, आणि तो खांब कुणी ठोकून पाहिलेला नाही.

‘यात नवं काय, हा तर आपला मायावाद’ असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. त्यांनी ‘अमृतानुभव’ पुन्हा उघडावा. ज्ञानेश्वरांनी सातव्या प्रकरणात अज्ञानाचंच खंडन केलं आहे. त्यांच्या दृष्टीने जग हा भास नसून चैतन्याचा विलास आहे.

जव्हार-मोखाड्याचा बोहाडाही असाच घाईने ‘जग म्हणजे सोंग’च्या खात्यात टाकला जातो. होळीनंतरच्या रात्री, टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-पिपाणीच्या ठेक्यावर देव-दैत्यांची सोंगं नाचत येतात. गणपती आधी, शेवटी जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध. सोंगं घराण्यांकडे परंपरेने चालत आलेली. मुखवट्याआड कोणत्या आळीतला कोण आहे, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं, तरी लोक मनापासून पाया पडतात. सकाळी मुखवटा उतरतो आणि माणूस कामाला लागतो. सोंगाला असं ‘बाहेर’ असतं. बॉस्ट्रमच्या विश्वात मुखवटा काढावा तर खाली चेहराच नाही. दोन्हींची सांगड घालणं दिसायला सुंदर, पण चुकीचं.

राहिला या विश्वाच्या प्रोग्रामरचा प्रश्न. कुणी हे विश्व रचलं असेल तर १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने दगावलेल्या मुलांचा जाब त्याला द्यावा लागेल. मात्र त्या मृत्यूंची कारणं शोधायला विश्वाबाहेर जायची गरज कधीच पडली नाही. रेशन, रोजगार, रस्ता, दवाखाना या चार शब्दांत ती मावतात. पाण्याचंही तेच. मोखाडा तालुक्यात कोचाळे इथे मध्य वैतरणा धरण आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि धो धो पावसाच्या याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते.