मिलिमीटरचा हिशेब

फुगा फुगवताना पहिल्या दोनचार फुंकरांतच गाल दुखतात. तो एकदा मोठा झाला की पुढची हवा सहज जाते. आतला दाब तेवढाच ठेवून पोकळ नळीचा व्यास वाढवला, तर तिच्या भिंतीवरचा ताण वाढतो, हा लाप्लासचा नियम. धमनीविस्फार, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडचा अ‍ॅन्युरिझम, याच नियमाने वाढतो. कमकुवत झालेली भिंत फुगते, फुगली की ताण वाढतो आणि त्या ताणाने ती आणखी फुगते. म्हणून रिपोर्टवर नुसता हा शब्द वाचून हातपाय गाळण्यात अर्थ नाही. प्रश्न तीनच आहेत: फुगवटा कुठे आहे, केवढा आहे आणि वाढतो किती. या आजारात माणसाचे बरेवाईट मिलिमीटरच्या हिशेबावर ठरते. हा हिशेब न समजता केलेली घाई दुर्लक्षाइतकीच महाग पडू शकते, असे माझे म्हणणे आहे.

पोटातून जाणारी महाधमनी साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते. ती 3 सेंटिमीटरची झाली की विस्फार म्हणतात, आणि पुरुषांत 5.5 सेंटिमीटरला शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. स्त्रियांत ती कमी आकारालाही फुटते, म्हणून तिथे मर्यादा थोडी खाली धरतात. बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. फुटली तर मात्र दहांपैकी आठ जण दगावतात, त्यांतले कित्येक रुग्णालयात पोचण्याआधीच. ब्रिटनमध्ये 65 ते 74 वयाच्या सुमारे 67,800 पुरुषांचे दोन गट करून निम्म्यांना सोनोग्राफीसाठी बोलावले गेले. 2002 साली निष्कर्ष आले: चार वर्षांत न बोलावलेल्या गटात या आजाराने 113 मृत्यू, बोलावलेल्यांत 65. दहा मिनिटांच्या, सुई न टोचणाऱ्या तपासणीने एवढा फरक पडतो, हे वैद्यकात रोज घडत नाही. आज तिथे पुरुषाला पासष्टाव्या वर्षी या तपासणीचे बोलावणे जाते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की सापडल्यावर लगेच कापायचे नसेल तर शोधायचे कशाला? डोक्यावर टांगती तलवार घेऊन जगायचे? याचे उत्तरही ब्रिटनमधूनच मिळाले. 4 ते 5.5 सेंटिमीटरच्या 1,090 रुग्णांपैकी निम्म्यांवर लगेच शस्त्रक्रिया केली, निम्म्यांवर सोनोग्राफीने नजर ठेवली. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. घाईच्या शस्त्रक्रियेत मात्र सुमारे 5.8 टक्के रुग्ण महिन्याभरात गेले होते. थांबणे हा इथे उपचाराचाच भाग आहे, फक्त ते मोजत थांबणे हवे. आइन्स्टाइनचे उदाहरण बोलके आहे. 1948 मध्ये रुडॉल्फ निसेन या शल्यविशारदाने त्यांचे पोट उघडले, तेव्हा महाधमनी बदलण्याचे तंत्रच नव्हते. भोवती जाड व्रणऊती तयार होऊन भिंतीला आधार मिळावा म्हणून त्यांनी तिला सेलोफेन गुंडाळले. आइन्स्टाइन त्यावर सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल 1955 मध्ये धमनी फुटली, त्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया नाकारली आणि 18 एप्रिलला ते गेले. आज कृत्रिम नळी बसवता येते. 1990 मध्ये ब्युनोस आयर्सच्या हुआन पारोदी यांनी ती जांघेतल्या धमनीतून आत नेण्याचा मार्गही दाखवला. त्यात पोट फाडावे लागत नाही, पण पुढे नियमित स्कॅन करत राहावे लागते.

मग सगळ्यांचे सगळेच स्कॅन का करू नये? ‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजे विकणारे हेच विचारतात, आणि इथे मेंदू वेगळे उत्तर देतो. प्रौढांपैकी सुमारे 3 टक्के लोकांच्या मेंदूतल्या एखाद्या धमनीला फुगवटा असतो, म्हणजे लाखात तीन हजार. तो फुटून रक्तस्राव होणारे मात्र लाखात वर्षाला साधारण 6 ते 10. बहुतेक फुगवटे धन्यासोबत मुकाट म्हातारे होतात. त्यांना हात लावण्याची जोखीम न लावण्यापेक्षा जास्त ठरू शकते. त्यामुळे मेंदूचा शोध घ्यायचा तो निवडून: जवळच्या दोन रक्ताच्या नातेवाइकांना हा त्रास झालेला असेल, किंवा मूत्रपिंडांत गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असेल तर. फुटलेल्याची गोष्ट निराळी. 1937 मध्ये वॉल्टर डँडी यांनी फुगवट्याच्या मानेला क्लिप लावली. 1990च्या दशकात प्लॅटिनमची तार धमनीतून आत नेऊन तो भरण्याची पद्धत रुळली. फुटलेल्या फुगवट्यांच्या 2,143 रुग्णांच्या चाचणीत वर्षअखेर मृत किंवा परावलंबी झालेले तारेच्या गटात 23.7 टक्के होते, क्लिपच्या गटात 30.6. यात वेळ सर्वांत मोलाचा. क्षणात शिगेला पोचणारी, आयुष्यात कधी न अनुभवलेली डोकेदुखी ही मायग्रेनची गोळी घेऊन झोपण्याची गोष्ट नव्हे. पहिल्या सहा तासांत केलेल्या सीटी स्कॅनमध्ये हा रक्तस्राव सहसा सुटत नाही. उशीर झाला तर पाठीतले पाणी तपासावे लागते. एका डोळ्याची पापणी अचानक पडली आणि बाहुली मोठी झाली, तर तीही तितकीच निकडीची खूण.

हे सारे पाश्चात्त्यांचे आकडे, आपल्याला काय त्याचे, असेही कोणी म्हणेल. आकडे जसेच्या तसे उचलू नयेत हे मान्य. युरोपातही ते बदलले आहेत: ब्रिटनच्या त्या चाचणीत सुमारे 5 टक्के पुरुषांत विस्फार सापडला होता, आता तिथे पासष्टीच्या पुरुषांत हे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आहे, आणि त्याचे मोठे श्रेय सिगारेट सुटण्याला दिले जाते. कारणे मात्र देश पाहत नाहीत. बिडी-सिगारेट आणि वर्षानुवर्षे दुर्लक्षित बीपी दोन्हीकडच्या धमन्यांची भिंत झिजवतात. (गंमत म्हणजे मधुमेहींमध्ये पोटातला विस्फार कमी आढळतो, पण म्हणून कोणी साखर वाढवायला जाऊ नये.) ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी लावलेली सोनोग्राफी केंद्रे तालुक्यागणिक आहेत. धूम्रपान केलेल्या पासष्टीपुढच्या पुरुषाचे पोट दुसऱ्या कशासाठी तपासले जात असताना महाधमनीही मोजा, एवढे सांगायला वेगळा खर्च नाही. आकडा मिळाला की तो जपून ठेवावा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवावा, कारण त्याचा संबंध औषधांशीही येतो. डिसेंबर 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने बजावले, की सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या कुळातली प्रतिजैविके महाधमनी फाटण्याचा धोका वाढवू शकतात. विस्फार असलेल्यांना दुसरा पर्याय असताना ती देऊ नयेत. आपल्याकडे 4.2 सेंटिमीटरचा रिपोर्ट कपाटात ठेवून माणूस लघवीच्या जळजळीसाठी मेडिकलमध्ये जातो, चिठ्ठीशिवाय सिप्रो मागतो, आणि काउंटरवरचा मुलगा पाच गोळ्या कापून देतो.