पाकिटावरचे जॉर्ज टाउन

गेली चार वर्षे जॉर्ज टाउन ही माझ्या लेखी एका पत्त्याची शेवटची ओळ होती. लिंगी चेट्टी स्ट्रीट, जॉर्ज टाउन, चेन्नई ६०० ००१. ह्यांच्या कार्यालयाचा हा पत्ता मी कितीतरी पाकिटांवर लिहिला असेल. पण ती गल्ली पाहण्याचा योग काही आला नव्हता. सैदापेटच्या दोन खोल्यांतून हे सकाळी आठला निघत आणि दिवेलागणीनंतर परतत. रविवारी पाठ टेकली की पुन्हा कुठे निघण्याचे त्राण ह्यांना नसे, आणि मलाही आग्रह करवत नसे.

साताऱ्याला परतण्याचे ठरले, सामानाची बांधाबांध झाली, आणि गाडी दुसऱ्या दिवशीची असल्यामुळे एक अख्खा दिवस हाती उरला. “कुठे जायचे? महाबलीपुरम्?” ह्यांनी विचारले. मी म्हटले, “तुमची गल्ली दाखवा.” ह्यांना हसू आले. तिथे पाहण्यासारखे काय आहे, हातगाड्या आणि गोण्या, असे म्हणत हे तयार झाले. माझी एकच अट होती, की सगळे पायी पाहायचे. गुडघ्याची शस्त्रक्रिया पुण्यात ठरलेली आहे; त्यानंतर किती चालता येईल हे कोण सांगणार?

मेट्रोच्या हायकोर्ट स्थानकातून वर आलो तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. समोर उच्च न्यायालयाची लालबुंद इमारत आपल्या घुमटांसह उन्हात उभी होती. १८९२ मध्ये ती पूर्ण झाली आणि दोनच वर्षांनी तिच्या सर्वांत उंच घुमटावर दीपगृह बसवण्यात आले. ते १९७७ पर्यंत जहाजांना वाट दाखवत होते. न्यायालयाच्या माथ्यावर दीपगृह असावे ही कल्पना मला फार आवडली, अर्थात ती उंचीच्या सोयीपोटी सुचलेली असणार. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डन’ ह्या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या, बंदरावरच्या तेलाच्या टाक्या पेटल्या, आणि काही गोळे ह्या आवारापर्यंत पोहोचले. त्याची आठवण सांगणारी पाटी कुंपणाच्या भिंतीवर आहे. तमिळमध्ये बिलंदर माणसाला अजूनही ‘एमडन’ म्हणतात, हे ह्यांनी मला सांगितले. कार्यालयात कोणाला म्हणत होते, हे मात्र सांगितले नाही!

ह्या आवाराच्या जागी पूर्वी वस्ती होती, हे सांगून खरे वाटत नाही. इंग्रजांनी १६४० मध्ये सेंट जॉर्ज किल्ला उभारला आणि त्याच्या उत्तरेला विणकर, दुभाषे आणि व्यापारी ह्यांचे गाव वसले. गोऱ्यांनी त्याला ‘ब्लॅक टाउन’ म्हटले. १७५८-५९ च्या फ्रेंच वेढ्याने धडा मिळाल्यावर किल्ल्यासमोरचे हे गाव पाडून मैदान करण्यात आले, म्हणजे तोफांना आडोसा उरू नये. वस्ती आणखी उत्तरेला सरकली, आणि आजचे जॉर्ज टाउन ते हेच. नाव पंचम जॉर्जचे, विसाव्या शतकाच्या आरंभी मिळालेले. सीमा दाखवणाऱ्या दगडी खांबांपैकी एक अजून पॅरीज कॉर्नरला टिकून आहे. त्याच्याभोवती पानपट्ट्या, बसगाड्या आणि माणसे ह्यांचा असा घोळका असतो, की मुद्दाम दाखवल्याखेरीज तो दिसत नाही. हे चार वर्षे त्याच्या शेजारून गेले होते आणि त्यांनीही तो कधी पाहिला नव्हता.

पॅरीज कॉर्नर हे नाव १७८८ मध्ये व्यापार सुरू करणाऱ्या थॉमस पॅरीचे. आजची डेअर हाउस ही इमारत १९४० ची. तेथून राजाजी सालैवर वळलो. पूर्वी हिला ‘फर्स्ट लाइन बीच’ म्हणत, कारण लाटा जवळजवळ रस्त्यापर्यंत येत असत. बंदर बांधल्यावर समुद्र मागे हटला आणि रस्ता कोरडा झाला. थोडे पुढे स्टेट बँकेची जुनी इमारत लागते. ती मूळची बँक ऑफ मद्रासची. ही बँक १८४३ मध्ये स्थापन झाली, १९२१ मध्ये बंगाल आणि मुंबईच्या बँकांबरोबर इंपीरियल बँकेत विलीन झाली आणि १९५५ मध्ये स्टेट बँक झाली. इमारत १८९७ ची. वास्तुविशारद हेन्री आयर्विन आणि बांधणारे नंबेरुमाळ चेट्टी, म्हणजे उच्च न्यायालय उभारणारीच जोडी. बाहेरच्या कमानींखाली सावली होती. माझे पाय बोलू लागले होते, म्हणून आम्ही तेथे टेकलो.

तेथे बसल्या बसल्या ह्यांनी मला आर्बथनॉट कंपनीची हकिकत सांगितली. कार्यालयातल्या एका जुन्या कारकुनाकडून ती त्यांनी ऐकली होती, मग वाचूनही काढली होती. आर्बथनॉट आणि कंपनी म्हणजे मद्रासेतली मोठी पेढी. निवृत्त नोकर, विधवा, लहानमोठे व्यापारी, सगळ्यांच्या ठेवी तिच्याकडे, कारण पेढी बुडेल ही शंका घेणे म्हणजे जवळजवळ असभ्यपणा. २२ ऑक्टोबर १९०६ रोजी तिने दिवाळे जाहीर केले. चालक सर जॉर्ज आर्बथनॉट ह्यांच्यावर खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ठेवीदारांना त्याने काय मिळणार! पण मद्रासचे लोक रडत बसले नाहीत. व्ही. कृष्णस्वामी अय्यर ह्या वकिलांनी पुढाकार घेतला, नाट्टुकोट्टै चेट्टियार सावकारांनी भांडवल उभे केले, आणि १५ ऑगस्ट १९०७ रोजी इंडियन बँकेचे कामकाज सुरू झाले. तेही आम्ही नुकतेच मागे टाकलेल्या पॅरीज कॉर्नरला, पॅरी कंपनीच्या तेव्हाच्या इमारतीत.

हकिकत संपली तरी हे समुद्राच्या दिशेला पाहत राहिले. मी गप्प होते. आम्ही चेन्नईला का आलो, हे आम्हा दोघांखेरीज फार थोड्यांना ठाऊक आहे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतला मोठा भाग आम्ही एका खाजगी वित्तसंस्थेत गुंतवला होता. व्याज बँकेपेक्षा बरेच जास्त होते, दारात येऊन पावती देत, एजंट ओळखीचा होता. दोन वर्षे व्याज वेळच्या वेळी मिळाले आणि एका सोमवारी कार्यालयाला कुलूप दिसले. वयाच्या साठाव्या वर्षी, जन्मभर मुंबईच्या गोदीत हिशेब लिहिलेल्या माणसाने पुन्हा नोकरी धरली. बंदराच्या मालाची जकातीची कागदपत्रे तयार करणाऱ्या एका कार्यालयाला अनुभवी माणूस हवा होता. कार्यालय लिंगी चेट्टी स्ट्रीटवर होते. चार वर्षांत बुडालेले सगळे नव्हे, पण निम्म्याहून अधिक भरून निघाले. ह्या विषयावर आम्ही त्या चार वर्षांत एक शब्दही बोललो नव्हतो.

“तू तेव्हा नको म्हणाली होतीस,” हे म्हणाले.

“सही माझीही होती,” मी म्हटले.

“मी सांगितले म्हणून केलीस.”

“पण वाचून केली होती. शाळेत तीस वर्षे मुलांना सांगत आले, वाचल्याशिवाय सही करू नये. वाचली, आणि व्याजाचा आकडा पाहून मलाही मोह पडला. नको म्हटले ते नुसते तोंडाने.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिले, मग उठून हात पुढे केला. “चल, देऊळ बारा वाजता बंद होते.”

तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या काळिकांबाळ मंदिरात मराठी माणसाने जावे ह्याला खास कारण आहे. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी छत्रपती शिवाजी महाराज येथे देवीच्या दर्शनास आले, अशी ह्या देवळाची श्रद्धा आहे आणि तशी नोंद आत लावलेली आहे. ही तारीख देवळाने जपलेल्या परंपरेतली. दक्षिणेच्या मोहिमेत महाराज ह्या मुलुखात होते, ह्याला मात्र इंग्रजांचेच कागद साक्षी आहेत. १६७७ च्या मे महिन्यात महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांना पत्र पाठवून विषावरचे उतारे आणि औषधी खडे मागवले होते, आणि गव्हर्नर लँगहॉर्न ह्यांच्या कौन्सिलने दाम न घेता ते भेट म्हणून रवाना केले. शेजारी असा प्रबळ सेनानी उभा असताना बिल कोण पाठवणार?

देवी उग्र नाही, शांत आहे. शेजारी कमठेश्वर. पुजाऱ्यांनी आम्ही कुठले ते विचारले. “महाराष्ट्रम्” ऐकताच त्यांनी त्या नोंदीकडे बोट दाखवले आणि हातावर कुंकवाची पुडी ठेवली. ह्यांनी खिशातून रुमाल काढून ती पुडी त्यात गुंडाळली. एरवी अशा बाबतीत हे फारसे हळवे नाहीत.

शेजारची गल्ली आर्मेनियन स्ट्रीट. ‘आर्मेनियन’ शब्द तमिळ जिभेवर घोळून ‘अरण्मनैक्कारन’ झाला, म्हणजे राजवाडेवाला! ह्या गल्लीत कोणताही राजवाडा नाही. आहे ते १७७२ मध्ये बांधलेले आर्मेनियन व्यापाऱ्यांचे चर्च, आणि त्याच्या वेगळ्या मनोऱ्यात सहा घंटा. दाराच्या आत पाऊल टाकताच गल्लीचा कोलाहल एकदम मंदावतो. अंगणात, पायाखालच्या फरशीतच, थडगी आहेत. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक १७९४ मध्ये ह्याच शहरात छापले गेले. ते काढणारे धर्मगुरू हारुत्यून श्मावोनियन येथेच चिरविश्रांती घेत आहेत. पण मला अधिक जवळचा वाटला तो पेट्रस उस्कान हा व्यापारी. सैदापेटला अड्यार नदीवर १७२६ मध्ये त्याने स्वतःच्या पैशाने पूल बांधला होता. आता तेथे नवा पूल आहे, आणि त्यावरून मी चार वर्षे भाजी आणायला जात होते.

दुपारचे जेवण केळीच्या पानावर झाले. त्याबद्दल लिहू लागले तर हा अंक पुरायचा नाही. मग ब्रॉडवे ओलांडला. दोन पेठांमधल्या ओढ्याची ही जागा. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्टीफन पॉपहॅम नावाच्या वकिलाने ती भरून रस्ता केला. अँडरसन स्ट्रीटवर कागदाचा आणि लग्नपत्रिकांचा बाजार आहे. दुकानांतून रिमांचे थर छतापर्यंत रचलेले, आणि नव्या कागदाचा तो वास. शिक्षिकेला तेथून हलवणे कठीण असते. मी शंभर पाकिटे घेतली. कोणाला पत्रे लिहिणार, असे ह्यांनी विचारले नाही.

गोडाउन स्ट्रीटचे ठोक कापड, फुलांच्या गल्लीतली मोगऱ्याची रास, हे सारे चालता चालता पाहिले. पश्चिमेच्या टोकाला ‘वॉल टॅक्स रोड’ आहे. तटबंदीच्या खर्चासाठी कंपनीने रहिवाशांवर कर बसवायचे ठरवले. तो वसूल कधी झालाच नाही, नाव तेवढे राहिले. तेथवर मात्र माझे गुडघे पोहोचू शकले नाहीत. मिंट स्ट्रीटवर, जुन्या टांकसाळीच्या नावाच्या ह्या लांबलचक रस्त्यावर, सौकारपेटच्या मारवाडी आणि गुजराती दुकानांत हिंदी कानी पडली आणि जिलेबीचा घाणा दिसला. ‘सौकार’ म्हणजे आपला सावकारच. एक गल्ली तर चक्क ‘बंदर स्ट्रीट’ आहे. तंजावरच्या मराठी राज्यात वाढलेले संतकवी त्यागराज मद्रासला आले असता तेथील एका घरी पाहुणे म्हणून राहिले होते.

उन्हे कलली तेव्हा आम्ही लिंगी चेट्टी स्ट्रीटवर आलो. ही गल्ली शेवटी दाखवायची, असे ह्यांनी मनाशी ठरवले असावे. रुंदी दोन हातगाड्यांची. दोन्ही बाजूंना जहाज कंपन्यांच्या आणि मालवाहतुकीच्या कार्यालयांच्या पाट्या, वर विजेच्या तारांची जाळी. ह्यांनी दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी दाखवली. खिडकीशी एक टेबल, टेबलावर आता दुसऱ्या कोणाचा तरी डबा. “उन्हाळ्यात दुपारी दोननंतर जरा वारा येतो,” हे म्हणाले. पंखा नव्हता का, असे मी विचारले नाही. चार वर्षे ह्यांनी घरी कधी उकाड्याची तक्रार केली नव्हती.

खालच्या कॉफीवाल्याने ह्यांना पाहताच हाक मारली, “सार! ऊरुक्कु पोरींगळा?” गावी निघालात का, असा त्याचा प्रश्न. माझ्याकडे पाहून त्याने “अम्मा” म्हणून हात जोडले आणि आत जाऊन लाकडी बाकडे फडक्याने पुसून आणले. मग फळीवरून एक लांबट वही काढली. तिच्यात ह्यांच्या नावाचे पान होते. तमिळमध्ये आकडे इंग्रजी वळणाचे लिहितात, म्हणून मला ते वाचता आले: रोजच्या दोन कॉफी, महिनाअखेर बेरीज, बेरजेखाली ह्यांची सही. चार वर्षे प्रत्येक महिन्याची सही. चालू महिन्याचे चारशे वीस रुपये बाकी होते. ह्यांनी पाचशेची नोट दिली. त्याने ऐंशी परत केले, पानावर तिरकी रेघ ओढली आणि वही ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी सही केली.

“तूही कर,” हे मला म्हणाले.

मी रेघेखालची बेरीज वाचून पाहिली आणि सही केली. कॉफीवाला काही न समजल्यासारखा हसला. त्याने पितळी पेल्यात फेसाळ कॉफी ओतली, ती आम्ही सावकाश प्यायलो, आणि उठताना त्याने आजच्या दोन कॉफींचे तीस रुपये वेगळे मागून घेतले.