विकतचा दिलासा

औषधांच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या उपकरणांची यादी वर्षागणिक लांबत चालली आहे. तापमापक आला, मग रक्तदाबाचे यंत्र आले, रक्तातील साखर पाहण्याच्या पट्ट्या आल्या; करोनाच्या साथीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. त्यांच्या मागोमाग आता गर्भाच्या हृदयाचे ठोके घरबसल्या ऐकविणारे, मुठीत मावणारे डॉप्लर यंत्र दाखल झाले आहे. दोन-तीन हजार रुपयांत ते घरपोच मिळते. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत, गारखेड्यात किंवा वाळूजच्या बजाजनगरात नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेल्या तरुण कुटुंबांना हा खर्च जड वाटावा असा नाही. घरात वडीलधारे माणूस नाही, नवरा पाळीवर गेलेला, माहेर दोनशे किलोमीटरवर. अशा वेळी पोटातल्या जिवाची खुशाली कळविणारे एखादे साधन हाताशी असावे, असे पहिलटकरणीला वाटले तर त्यात नवल ते काय?

ही इच्छा हास्यास्पद नाही. ज्ञात गर्भधारणांपैकी सुमारे दहा ते पंधरा टक्के गर्भपातात संपतात आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. जिने एकदा तो आघात सोसला आहे, तिला दुसऱ्या खेपेस एका तपासणीपासून पुढच्या तपासणीपर्यंतचा महिना युगासारखा वाटतो. हे यंत्र विकत घेणाऱ्यांत अशा स्त्रिया असणारच. त्यांच्या भीतीला ‘मनाचे खेळ’ म्हणून मोडीत काढणे हा निर्दयपणा होय. प्रश्न भीती खरी की खोटी हा नाही; त्या भीतीवर बाजाराने पुढे केलेला उतारा कितपत खरा, हा आहे.

त्यासाठी यंत्र काय करते ते नीट समजून घ्यावे लागते. पोटावर टेकविलेली त्याची दांडी मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत सोडते. हलत्या वस्तूवर आपटून परतताना त्या लहरींची कंपनसंख्या बदलते. ख्रिस्तियन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडलेले तत्त्व ते हेच. या बदललेल्या कंपनसंख्येवरून यंत्र एक आवाज घडविते आणि लहानशा काचेवर एक आकडा दाखविते. म्हणजे जे ऐकू येते तो हृदयाचा स्वतःचा आवाज नव्हेच; आत काहीतरी हलत असल्याचे ते यंत्राने केलेले भाषांतर होय. आणि गर्भिणीच्या पोटात हलणाऱ्या गोष्टी का थोड्या असतात? तिच्या स्वतःच्या महारोहिणीतून रक्त उसळत असते, वारेतून वाहत असते, आतडी चाळवत असतात. यंत्राला यांपैकी कोणाचेच वावडे नाही.

गर्भाच्या ठोक्यांची सर्वसाधारण गती मिनिटाला ११० ते १६० मानली जाते. आईची नाडी एरवी सत्तर-ऐंशीच्या घरात असते. तेव्हा आकड्यावरून दोन्ही ओळखणे सोपे, असे वाटेल. परंतु घाबरलेल्या, धावपळ केलेल्या किंवा ताप आलेल्या स्त्रीची नाडी सहज ११० च्या पुढे जाते. ज्या क्षणी ती सर्वांत अधिक भयभीत असते, नेमक्या त्याच क्षणी तिची स्वतःची नाडी बाळाच्या ठोक्यांचे सोंग घेऊ शकते.

हा भेद वैद्यकाला नवा नाही. स्टेथोस्कोपचा शोध लागून पाचच वर्षे झाली असताना, १८२१ साली, केर्गारादेक या फ्रेंच वैद्याने गर्भिणीच्या पोटाला नळी लावली. गर्भजलाची खळखळ ऐकू येते का, हे त्यांना पाहायचे होते. ऐकू आले ते घड्याळासारखे जलद ठोके. त्यांबरोबरच आईच्या नाडीशी ताल धरणारा फुंकरीसारखा दुसरा एक आवाजही त्यांनी वेगळा नोंदविला. पुढे १८९५ मध्ये पिनार यांनी गर्भिणीच्या पोटाला लावायचा कर्णा तयार केला. तो कर्णा आरोग्य उपकेंद्रांतील परिचारिकांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या राहिला. कान पोटाशी आणि बोटे आईच्या मनगटावरील नाडीवर, ही त्यांची शिकवणी. दोन्ही ताल वेगळे आहेत याची खात्री पटल्यावाचून ठोक्यांची नोंद करायची नाही. यंत्र स्वस्त झाले. ही शिकवणी मात्र खोक्यात घालून विकता येत नाही.

न ऐकू आलेला ठोका

घरगुती वापरात फसगत दोन प्रकारची होते, आणि दोन्हींची किंमत सारखी नाही. पहिली अशी की, बाळ सुखरूप असते पण ठोका सापडत नाही. दहाव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाशय अजून ओटीपोटात खोल असते; वार पुढच्या भिंतीला असेल तर आवाज दबतो; दांडीचा कोन थोडा चुकला तरी सारे निःशब्द. रुग्णालयात परिचारिका शांतपणे दांडी फिरवीत राहते, कारण तिने हे पूर्वी शेकडो वेळा केलेले असते. घरी रात्री अकरा वाजता एकटी पडलेली स्त्री दहा मिनिटे शोधते, जेली पुन्हा लावते, पुन्हा शोधते आणि रडू लागते. मग रिक्षा, मग दवाखाना, मग सोनोग्राफी, आणि अखेरीस ‘सर्व ठीक आहे’. हा दिलासा दोन दिवस पुरतो. तिसऱ्या रात्री दांडी पुन्हा हातात येते. धास्ती कमी करण्यासाठी आणलेली वस्तू धास्तीचे व्यसन लावते.

अर्थशास्त्रात माहितीचे मूल्य मोजण्याची एक जुनी कसोटी आहे. त्या माहितीमुळे एखादा निर्णय बदलणार असेल तरच तिला मूल्य. पहिल्या तीन महिन्यांत ठोका ऐकून वा न ऐकून घरी करता येण्याजोगे काय असते? त्या काळातील बहुतेक गर्भपात गर्भातील गुणसूत्रांच्या दोषांमुळे होतात आणि ते थांबविण्याचा उपाय डॉक्टरांपाशीही नसतो. तेथे ही माहिती केवळ मनस्ताप देऊ शकते. मनस्ताप हा जमाखर्चात धरला जात नाही, एवढेच.

दुसरी फसगत अधिक भयंकर. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत बाळाची हालचाल मंदावली, की ती धोक्याची सूचना मानून ताबडतोब रुग्णालय गाठायचे असते. ‘दिवस भरत आले की जागा अपुरी पडते, म्हणून बाळ कमी हलते’ हा समज सर्वत्र रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. अशा वेळी घरात यंत्र असेल तर पहिला हात त्याकडे जातो. ठोके ऐकू येतात, आकडा १३० दिसतो, जीव भांड्यात पडतो आणि दवाखाना उद्यावर जातो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००९ साली असेच एक प्रकरण प्रसिद्ध केले. पहिलेच गर्भारपण, सर्व काही सुरळीत. हालचाल कमी झाल्याचे त्या स्त्रीच्या ध्यानात आले होते, परंतु घरच्या यंत्रावर ‘ठोके’ ऐकून ती निश्चिंत राहिली. काही दिवसांनी ती रुग्णालयात पोहोचली तेव्हा बाळ पोटातच गेलेले होते. तिने ऐकला तो बहुधा स्वतःच्याच नाडीचा किंवा वारेतील रक्तप्रवाहाचा आवाज असावा, असे डॉक्टरांचे मत पडले.

आणि समजा, तो खरोखर बाळाचाच ठोका असला, तरी काय? गर्भाला प्राणवायू कमी पडू लागला असताही हृदयाची गती बराच काळ नेहमीच्या मर्यादेत राहू शकते. म्हणूनच रुग्णालयात निदान वीस मिनिटे कागदावर आलेख काढतात. गतीत होणारे बारीक चढउतार, बाळ हलले की ती वाढते की नाही, हे पाहतात. बाळ त्या क्षणी जिवंत आहे, एवढेच एकटा आकडा सांगतो. तासाभराने काय, हे तो सांगत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१४ मध्ये अशी यंत्रे केवळ जाणकाराच्या देखरेखीखाली वापरावीत, असा इशारा दिला. त्यात भर होता तो शरीरातील ऊती किंचित तापण्याच्या शक्यतेवर. त्यामुळे गर्भाला इजा झाल्याचे सिद्ध झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. मात्र वैद्यकीय कारणावाचून तासन्‌तास लहरी सोडीत राहू नये, हा सावधगिरीचा नियम आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली अँटोनेट सँडबॅक या खासदार बाईंनी या यंत्रांच्या विक्रीवर निर्बंध घालण्यासाठी खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

सावधगिरीचा खर्च

यावर कोणी म्हणेल, मग स्त्रियांना हालचालींविषयी जागरूक करावे, म्हणजे झाले. हा सल्ला योग्यच. पण तोही फुकट मिळत नाही. ब्रिटन व आयर्लंडमधील ३३ रुग्णालयांत चार लाखांहून अधिक गर्भारपणांवर अशा जागृती-मोहिमेचा परिणाम तपासला गेला. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार मृतजन्मांत लक्षणीय घट आढळली नाही, कृत्रिम कळा देऊन केलेली बाळंतपणे आणि सिझेरियन मात्र वाढली. आपल्याकडे हा धोका अधिक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली. जेथे निम्म्या बाळंतपणांना सुरी लागते, तेथे मध्यरात्री भेदरून आलेले जोडपे शस्त्रक्रियेस संमती द्यायला वेळ लावील, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मधील आपल्या गाजलेल्या निबंधात दाखविले की, वैद्यकीय सेवेचा ग्राहक हा भाजी घेणाऱ्या ग्राहकासारखा नसतो. त्याला माल पारखता येत नाही, आजमावून पाहता येत नाही. त्याला विश्वासच विकत घ्यावा लागतो. डॉक्टरांवर व्यवसायाची शिस्त आणि परवाना लादला जातो तो त्यासाठी. डॉप्लर यंत्राने या व्यवहारातून डॉक्टरांना वगळले. विश्वास तेवढा विकायला ठेवला. खोक्यावर हसऱ्या आईचे चित्र असते. सूचना बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरांत. आणि ‘हालचाल कमी वाटल्यास हे यंत्र वापरू नका, रुग्णालयात जा’ हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य ठळक मराठीत आढळत नाही.

येथे मराठवाड्यातील दुसरे एक दुखणे यात मिसळते. ठोके जलद असतील तर मुलगी, संथ असतील तर मुलगा, हा ठोकताळा अनेक घरांत ऐकायला मिळतो. त्याला आधार नाही. लिंगाचा अंदाज बांधता येईल असा फरक तपासण्यांत आढळलेला नाही. या यंत्रात चित्र उमटत नाही, त्यामुळे लिंग समजण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध कायदा केला आणि २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ च मुली उरल्या, हे विसरता येत नाही. ज्या घरात आकडा १५५ दिसताच सासूबाईंचा चेहरा उतरतो, तेथे गर्भिणीची धास्ती वैद्यकीय राहत नाही.

भारतात २०१९ या एका वर्षी सुमारे ३ लाख ४० हजार बाळे मृत जन्मली, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे; जगातील कोणत्याही देशापेक्षा ही संख्या मोठी. यांतील बहुसंख्य मातांनी डॉप्लर यंत्र पाहिलेलेही नसणार. उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्या गर्भिणीला दिवसभरात बाळ किती वेळा हलले, हे मोजायला उसंत नसते. सिडकोतील तिच्या बहिणीला उसंत आहे, यंत्र आहे, पण हालचालींकडे लक्ष दे असे सांगणारे कोणी नाही. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भिणींची मोफत तपासणी होते; २०१६ पासून चालत आलेल्या या योजनेकडे शहरातील मध्यमवर्ग ‘ती गरिबांसाठी’ म्हणून फिरकत नाही. वस्तुतः तेथे मिळणारी पाच मिनिटांची समज दोन हजारांच्या यंत्राहून अधिक उपयोगाची ठरू शकते.

विक्रीबंदी हा उपाय सुचविणे सोपे आहे. परंतु परदेशातून पार्सलने येणारी वस्तू अडविणे कठीण, आणि बंदी आली की तिची किंमत वाढते, ओढ कमी होत नाही. एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत आली आहेत, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये फसव्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय प्राधिकरण उभे राहिले आहे. राज्याचे अन्न व औषध प्रशासनही आहे. खोक्यावर ठळक मराठीत एक वाक्य छापायला लावणे आणि ‘घरीच बाळाची खात्री करा’ या धर्तीची जाहिरात फसवी ठरविणे, एवढे तरी या यंत्रणांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

तोवर हिशेब चुकता होतो तो घाटी रुग्णालयासारख्या ठिकाणी. १९५६ मध्ये येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हापासून मराठवाड्यातील अडलेल्या बाळंतिणींचा हा अखेरचा थांबा. रात्री तेथील प्रसूतिकक्षात आलेल्या स्त्रीला, ठोके घरी ऐकू आले होते की नव्हते, हे कोणी प्रथम विचारीत नाही. पहिला प्रश्न असतो : बाळ शेवटचे कधी हलले?